बागवान डॉक्टर सही देत नाहीत

गेल्या आठवड्यात मला एक सरकारी पत्र आलं. पाकिटावर माझं आडनाव चुकवलेलं होतं आणि आत एकच वाक्य होतं: आपली तक्रार विहित नमुन्यात नसल्याने तिच्यावर कार्यवाही करता येत नाही. खराडीला मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी ते वाचलं आणि हातातला झारा ओट्यावर आपटला. सून धावत आली. तिला काय सांगणार? ज्या माणसाला हे पत्र वाचून दाखवायचं होतं, तो यंदाच्या उन्हाळ्यात गेला. डॉक्टर याकूब बागवान. ते असते तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, "बाई, ही पहिली फेरी. मला दोन फेऱ्या लागल्या होत्या."

सव्वीस वर्षं माझं औषधांचं दुकान त्यांच्या दवाखान्याच्या बरोबर खाली होतं. शुक्रवार पेठेत, मंडईपासून चालत पाच मिनिटांवर. वर जायला बावीस पायऱ्या. डॉक्टर दार उघडं ठेवून बसायचे आणि पायऱ्या चढणाऱ्याचा श्वास ऐकायचे. माणूस समोर येऊन "काही नाही डॉक्टर, जरा सर्दी" म्हणेपर्यंत त्यांचं निम्मं काम झालेलं असायचं. त्यांच्या वडिलांचा मंडईत फळांचा गाळा होता. "आमचे अब्बा कलिंगडसुद्धा ठोकून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नसत," ते म्हणायचे, "आणि तुम्ही मला अख्खा माणूस न बघता पास करायला सांगता."

हे वाक्य त्यांना आठवड्यातून दोनदा तरी म्हणावं लागे. ट्रक, रिक्षा, टॅक्सी, शाळेची व्हॅन असलं काहीही चालवायचं तर परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. छापील कागद असतो. नजर कशी आहे, ऐकू येतं का, लाल-हिरवा रंग कळतो का, फिट येते का, असे प्रश्न आणि खाली सहीची जागा. आपल्याकडे हा कागद डॉक्टरकडे कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. कुणाच्या तरी हातून जातो. माणूस घरी असतो, कागद डॉक्टरांना भेटून येतो. ज्या डॉक्टरनं आपला पाळणा पाहिला, तो एवढ्यासाठी आपल्याला तपासायला लागला तर लोकांना तो अपमान वाटतो. घरच्या डॉक्टरनं सही देणं ही आपल्याकडे रीत झालेली आहे, लग्नात आहेर द्यावा तशी. बागवान डॉक्टरांनी ती रीत कधी पाळली नाही. पेठेत त्यांची ओळखच तशी होती. हाताला गुण आहे, पण बागवान डॉक्टर सही देत नाहीत.

देत होते हो. तपासून देत होते. पण त्यात वेळ जायचा.

नजर तपासायला त्यांच्याकडे भिंतीवरचा तक्ता होता, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते माणसाला गॅलरीत नेऊन समोरच्या घड्याळजीच्या दुकानाची पाटी वाचायला लावायचे. पुढे त्यांच्या लक्षात आलं की पेठेतल्या निम्म्या लोकांना ती पाटी पाठ आहे. मग त्यांनी घड्याळजीला त्या पाटीखाली टांगायला एक काळी पाटी आणून दिली आणि रोज सकाळी तिच्यावर मनाला येईल ते खडूनं लिहायला सांगितलं. घड्याळजी हौशी होता. एकदा एक निवृत्त प्राध्यापक दाखल्यासाठी आले. मोतीबिंदू पिकलेला, पण गाडी सोडवत नव्हती. गॅलरीत उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, "सर्व प्रकारची घड्याळे दुरुस्त करून मिळतील."

"छान," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या खाली?"

"खाली काही नाही."

खाली हातभर अक्षरात 'जेवायला गेलो आहे, घाई असल्यास थांबा' असं लिहिलेलं होतं. प्राध्यापक चिडून निघून गेले आणि पुढे वर्षभर त्यांनी डॉक्टरांशी नमस्कार सोडला. मला तेव्हा फार हसू आलं होतं. आज येत नाही. ते प्राध्यापक त्यानंतरही गाडी चालवत होते, दुसऱ्याच कुणाच्या सहीवर. हे मला माहीत होतं, घड्याळजीला माहीत होतं, त्यांच्या बायकोला तर माहीत होतंच.

माणसं डॉक्टरपासून काय काय लपवतात ते औषधाच्या दुकानात उभं राहिलं की कळतं. फिट हा शब्द आमच्या पेठेत कुणी उच्चारत नसे. चक्कर म्हणायचे. घेरी, ॲसिडिटी, उपाशीपोटी गेला म्हणून झालं, असंही म्हणायचे. एकदा एका रिक्षावाल्यानं वर्षभर आजार लपवला आणि पकडला गेल्यावर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही." डॉक्टरांचा आवाज तेव्हा खाली माझ्या गल्ल्यापर्यंत आला होता. "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे चोरांनी म्हणावं." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. माझ्यावर उलटायला त्याला काही वर्षं लागली.

आता विलासचं सांगते.

विलास शाळेची व्हॅन चालवायचा. फुरसुंगीकडचा, तिशीतला, गोड माणूस. आयांना काही सांगावं लागायचं नाही. कुणाचा डबा राहिला, कुणाला ताप आहे, सगळं त्याच्या लक्षात. मुलं त्याला व्हॅनकाका म्हणायची. आणि त्याला फिट यायची. डॉक्टरांच्या औषधांनी कमी झाली होती, थांबली नव्हती. त्याच्या गोळ्या माझ्याकडून जायच्या, त्यामुळे मला हे अगदी पहिल्यापासून ठाऊक होतं. एकदा तर तो माझ्या काउंटरसमोरच कोसळला. डॉक्टर वरून धावत आले, त्याला कुशीवर वळवलं, घड्याळ काढून मिनिटं मोजत बसले. शुद्धीवर आल्यावर विलासनं पहिला प्रश्न विचारला, "शाळा सुटली का?"

डॉक्टरांनी त्याला त्याच दिवशी सांगितलं, व्हॅन बंद. नुसतं सांगून थांबले नाहीत. कात्रजला ओळखीच्या एकाच्या गोदामात त्याला काम लावून दिलं. आठ दिवसांनी विलास परत व्हॅनवर. डॉक्टरांनी बोलावून घेतलं तर मान खाली घालून म्हणाला, "तिथं मला कुणी काका म्हणत न्हाई, डॉक्टर." मी पायरीवर गोळ्यांचं पाकीट घेऊन उभी होते. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "ज्यांनी काका म्हणायचं त्यांना घेऊन एक दिवस जाशील."

थोड्याच दिवसांत त्याच्या परवान्याची मुदत संपली. तो कागद घेऊन वर गेला आणि जसा गेला तसा खाली आला. माझ्या काउंटरला टेकून उभा राहिला. दुपारची वेळ होती, दुकानात आम्ही दोघंच.

"सही द्येत न्हाईत, ताई. सोमवारी शाळा चालू. दुसऱ्यानं व्हॅन लावली तर माझी पोरं ग्येली." पोरं म्हणजे व्हॅनमधली. स्वतःची दोन होती, त्यांच्याबद्दल तो बोलतही नव्हता.

आणि मी, फार्मसी शिकलेली बाई, हातानं त्याच्या गोळ्या मोजून देणारी, त्याला म्हणाले, "अरे, एवढं काय घेऊन बसलास? त्या परवान्याच्या ऑफिससमोर टायरवाल्याच्या शेजारी एक डॉक्टर बसतात. सगळे तिथंच जातात."

एवढंच. मला त्याची दया आली होती. डॉक्टर जरा अतिच करतात असंही वाटलं होतं, हे कबूल करते. संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. "काय बघितलंच न्हाई, ताई. मान वर क्येली न्हाई त्यांनी. नाव विचारलं आन् शिक्का मारला." मी पेढा खाल्ला.

डॉक्टरांना आठवड्यात कळलं, कारण विलासच त्यांना नवा परवाना दाखवायला गेला. निरागसपणा तरी किती. त्या दिवसापासून डॉक्टरांनी विलासबद्दल पत्रं लिहायला सुरुवात केली. मला कायदा फारसा कळत नाही, पण त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. फिट येणाऱ्याला परवाना द्यायचा नाही असं आपला कायदा सांगतो. पण ज्याला हे सर्वांत आधी कळतं, त्या डॉक्टरनं जाऊन ते कळवलंच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही. "काही देशांत ते डॉक्टरचं कर्तव्य आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे ती डॉक्टरची आगाऊगिरी आहे." मग त्यांनी आगाऊगिरी केली. परवाना कार्यालयाला लिहिलं की अमुक नावाच्या इसमास फिट येते, माझ्या उपचाराखाली आहे, तो शाळेची मुलं नेतो, कृपया त्यास पुन्हा तपासावे. उत्तर आलं, आपला अर्ज विहित नमुन्यात नाही. त्यांनी उलट टपाली लिहिलं, विहित नमुना पाठवावा, भरून देतो. दीड महिन्यानं उत्तर आलं की असा कोणताही नमुना या कार्यालयात उपलब्ध नाही.

ते पत्र त्यांनी मला काउंटरवर आणून दाखवलं. "बघा बाई. कुलूप आहे, किल्ली नाही, आणि दरवाजा उघडा आहे."

पत्राच्या कार्बन कॉप्या ते वडिलांच्या गाळ्यावरच्या एका आंब्याच्या लाकडी पेटीत ठेवायचे. अशी पुष्कळ पत्रं होती तिच्यात, विलासच्या आधीचीही.

मग ते शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, व्हॅन ही पालकांची खासगी व्यवस्था आहे. एका मुलीच्या वडिलांना गाठलं, तर ते म्हणाले, "पण डॉक्टर, तो वेळेवर येतो हो." विलासच्या बायकोला हे समजलं तेव्हा ती भर दवाखान्यात येऊन रडली, ओरडली, आमच्या ताटात माती कालवता म्हणाली. डॉक्टर उभं राहून सगळं ऐकत होते. पेठेत बोभाटा झाला की बागवान डॉक्टर पेशंटचं बाहेर सांगतात. पेशंट कमी झाले ते मला माझ्या दुकानातल्या शांततेवरून कळायचं. त्यांच्याच व्यवसायातल्या चार मोठ्या लोकांनी त्यांना बोलावून घेतलं आणि रुग्णाची गुप्तता कशी पवित्र असते ते नियमातून वाचून दाखवलं. डॉक्टरांनी पुस्तक मागून घेतलं आणि पुढची ओळ वाचून दाखवली. समाजाला धोका असेल तर सांगायला मोकळीक आहे. त्यातले एकजण म्हणाले, "बागवान, मोकळीक आहे, सक्ती नाही ना? मग कशाला?"

मग कशाला! या दोन शब्दांवर हा देश चाललाय.

पुढच्या उन्हाळ्यात, शाळेचा शेवटचा आठवडा होता, विलासनं मुलांना सोडलं आणि रिकामी व्हॅन घेऊन तो मंडईच्या बाजूनं निघाला. कोपऱ्यावर शांताबाई पोतं अंथरून लिंबं-मिरच्या विकायला बसायच्या. डॉक्टर रोज सकाळी त्यांच्याकडून दोन लिंबं घेऊन यायचे. व्हॅन सरळ पदपथावर चढली. ब्रेकचा आवाज कुणी ऐकला नाही, कारण ब्रेक लागलाच नव्हता. शांताबाई जागच्या जागी गेल्या. विलासचा हात मोडला. त्याला काहीच आठवत नव्हतं, त्यानं पोलिसांनाही पहिला प्रश्न तोच विचारला, शाळा सुटली का.

लोक म्हणत होते, देवाची कृपा, व्हॅनमध्ये मुलं नव्हती. मी हे वाक्य त्या आठवड्यात किती जणांच्या तोंडून ऐकलं. शांताबाई बसायच्या तो कोपरा बहुतेक देवाच्या कृपेबाहेर होता.

चौकशी झाली. विलासकडे रीतसर परवाना होता, परवान्यामागे रीतसर दाखला होता. टायरवाल्याच्या शेजारच्या डॉक्टरनं सांगितलं, मी याला पूर्ण तपासलं होतं, त्यानं फिट लपवली. विलास त्याच्याविरुद्ध बोलला नाही. त्याच्या वकिलानं त्याला बजावलं होतं की न तपासता दाखला घेतला म्हणालास तर तूच जास्त अडकशील. बागवान डॉक्टरांनी त्या सहीबद्दल वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. तिकडून विचारणा झाली, तपासलं नाही याला साक्षीदार कोण?

साक्षीदार त्यांच्या दवाखान्याखाली बसलेली होती. तिनं पेढा खाल्ला होता.

मला कुणी विचारलं नाही. पोलीस दुकानासमोरून गेले, आत आले नाहीत. मी स्वतःला सांगितलं की दुकानाचा परवाना आहे, मुलाचं शिक्षण आहे, आणि मला कुठे कोण विचारतंय. तक्रार पुराव्याअभावी बंद झाली. विलासला शिक्षा झाली आणि भोगून तो गावाकडे गेला. सही करणाऱ्याला काही झालं नाही. आणि गुप्तता मोडल्याबद्दल खुलासा कुणाकडून मागितला गेला? बागवान डॉक्टरांकडून. या सगळ्या प्रकरणात लेखी उत्तर द्यावं लागलेला एकमेव माणूस तो होता, ज्यानं आधी लेखी कळवलं होतं.

डॉक्टर त्यानंतरही अकरा वर्षं दवाखान्यात बसले. सकाळची लिंबं बंद झाली, बाकी काही बदललं नाही. मला रोज "काय बाई, कशा आहात" म्हणायचे. मी रोज ठरवायचे की आज सांगू. अकरा वर्षं रोज ठरवत होते. माणूस असा किती दिवस ठरवू शकतो याचा मला स्वतःचाच अचंबा वाटतो.

त्यांनी दवाखाना बंद केला त्या दिवशी मी दुकान अर्ध्यात टाकून वर गेले. बावीस पायऱ्या मला जड गेल्या आणि त्यांनी माझा श्वास ऐकलाच असणार. खोली रिकामी झाली होती. टेबल, दोन खुर्च्या आणि ती आंब्याची पेटी. मी बसले नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "डॉक्टर, विलासला त्या माणसाचा पत्ता मी दिला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "विलासनंच सांगितलं होतं, परवाना दाखवायला आला तेव्हा. पेढ्याचंही सांगितलं."

मी म्हणाले, "मग आपण मला कधी काही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "विचारलं असतं तर आपण सांगितलं असतंत. ते उत्तर झालं असतं. मला कुणीतरी न विचारता सांगायला हवं होतं, बाई. आयुष्यात एकदा तरी."

"आपल्याला माझा राग नाही आला?"

"आला ना. अजून आहे," ते अगदी शांतपणे म्हणाले. "म्हणून मी आपलं दुकान सोडून दुसरीकडून औषधं आणली नाहीत. राग समोर ठेवलेला बरा."

मग त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, एक कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. तो टायरवाल्याच्या शेजारचा अजून तिथेच बसतो, म्हणाले, आता त्याचा जावईही बसतो. मी लिहिलं. पत्ता मी दिला, संध्याकाळी विलास आला, काय म्हणाला, सगळं. शांताबाईंचं नाव लिहिताना थांबले, कारण मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. डॉक्टरांना माहीत होतं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात, अगदी डोळ्यांजवळ धरून ओळ न् ओळ वाचला.

"सही राहिली," ते म्हणाले.

मी सही केली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, पेटी काखेत घेतली आणि जिना उतरले. मी गॅलरीतून बघत होते. रस्त्याच्या कडेला ते थांबले, समोरच्या घड्याळजीच्या काळ्या पाटीकडे त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं, डोळे बारीक केले, आणि शेवटी वाचता येत नाही अशी मान हलवली. त्यांची रोजची सायकल दाराशी लावलेली होती. तिचं कुलूप त्यांनी काढलं नाही. रस्ता ओलांडून घड्याळजीच्या दुकानात गेले, किल्ली त्याच्या हातावर ठेवली, आणि टपाल कचेरीच्या दिशेनं पायी निघाले.